चोवीस तास जागं लोखंड

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की तत्त्वज्ञानाच्या माणसाला ट्रान्स्फॉर्मरमध्ये काय दिसलं? प्रश्न रास्त आहे. सरकारी मराठीत ज्याला रोहित्र म्हणतात आणि गावात ज्याला सरळ डीपी म्हणतात, त्या खांबावरच्या करड्या डब्याकडे आपण फक्त एकाच वेळी बघतो. दिवे गेले की. बाकी वेळी तो असतो आणि नसतोही.

आमचं लक्ष त्याच्याकडे गेलं ते एका शब्दामुळे. अमेरिकेत १९७५ साली तेलाच्या टंचाईनंतर ऊर्जाधोरणाचा एक कायदा झाला. त्या कायद्याखाली यंत्रांना कार्यक्षमतेची मानकं लावली जातात, आणि मानक कसं असावं याच्या दोन अटी आहेत. ते तंत्राच्या दृष्टीने शक्य असलं पाहिजे आणि आर्थिकदृष्ट्या समर्थनीय असलं पाहिजे. समर्थनीय! हा शब्द कानावर पडला की तत्त्वज्ञानाचा मनुष्य थांबतो. कोणापुढे समर्थनीय? किती काळाच्या हिशेबात? कोणाच्या खिशाच्या हिशेबात? वितरण रोहित्रांच्या नव्या मानकावरून अमेरिकेत २०२२च्या अखेरीपासून २०२४च्या एप्रिलपर्यंत जो वाद झाला, तो मुळात या एका शब्दाचा वाद होता. पण तो कळायला आपल्याला आधी लोखंडाची गोष्ट ऐकावी लागेल. ती थोडी लांब आहे, पण चांगली आहे.

रोहित्र म्हणजे काय? लोखंडाचा एक गाभा आणि त्याभोवती तारेची दोन वेटोळी. एका वेटोळ्यात उच्च दाबाची वीज येते, दुसऱ्यातून आपल्या घरच्या दाबाची बाहेर पडते. दोन्ही वेटोळ्यांना जोडणारी तार नाही. मधे आहे तो फक्त चुंबकीय प्रवाह, आणि तो वाहतो लोखंडातून. फॅरेडेने १८३१ साली हे तत्त्व दाखवलं. उपयोगाचं यंत्र व्हायला पुढे पन्नास वर्षं लागली. १८८५ साली बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यात झिपर्नोव्स्की, ब्लाथी आणि देरी या तिघांनी बंद गाभ्याचं रोहित्र बनवलं. ‘ट्रान्स्फॉर्मर’ हा शब्दही तिथूनच रूढ झाला. पुढच्या वर्षी, १८८६च्या मार्चमध्ये, विल्यम स्टॅन्लीने अमेरिकेतल्या ग्रेट बॅरिंग्टन नावाच्या लहानशा गावात मुख्य रस्त्यावरची दुकानं रोहित्राच्या विजेने उजळून दाखवली. एडिसनची डायरेक्ट करंटची पद्धत हळूहळू मागे पडली, ती या डब्यामुळे.

आता यातली मेख. या यंत्रात हलणारा भाग एकही नाही. चाक नाही, पट्टा नाही, घासणारं काही नाही. मग ऊर्जा वाया कुठे जाते? ती जाते दोन ठिकाणी. एक तारेत: प्रवाह वाहिला की तार तापते. भार दुप्पट झाला की ही हानी चौपट होते, आणि भार नसला की जवळजवळ शून्य. दुसरी लोखंडात. अल्टरनेटिंग करंटबरोबर लोखंडाचं चुंबकत्व सारखं दिशा बदलत असतं. अमेरिकेत सेकंदाला एकशेवीस वेळा, आपल्याकडे शंभर वेळा. दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. आणि ही हानी भार असो वा नसो, चालूच राहते.

दुकानाचं उदाहरण घ्या. गिऱ्हाईक वाढलं की पिशव्या, हमाली, वाहतूक वाढते, तो झाला तारेतला खर्च. पण गिऱ्हाईक येवो न येवो, दुकानाचं भाडं, दिवा आणि गादीवर बसलेला मुनीम यांचा खर्च टळत नाही. लोखंडातली हानी म्हणजे हा मुनीम. रात्री तीन वाजता सगळं गाव झोपलेलं असतं तेव्हाही खांबावरचं लोखंड जागं असतं. वर्षाचे ८,७६० तास. रोहित्राजवळ उभं राहिलं की जो गुणगुणण्याचा आवाज येतो ना, तो त्या जागरणाचाच.

लोखंडाच्या या स्वभावाला नाव दिलं जेम्स अल्फ्रेड युइंग या स्कॉटिश माणसाने, १८८०च्या सुमारास तो टोकियोत शिकवत असताना. ग्रीक शब्दावरून त्याने हिस्टेरेसिस हे नाव केलं, अर्थ मागे रेंगाळणं. चुंबकत्व कारणाच्या मागोमाग येतं पण जरा उशिराने, जणू जुनी सवय सोडवत नाही. (कार्यकारणभाव शिकवताना आम्ही हे उदाहरण बरेचदा वापरलं. विद्यार्थ्यांना ह्यूमपेक्षा हे लवकर कळायचं.) मग १८९२ साली चार्ल्स स्टाइनमेट्झने ही हानी मोजायचं सूत्र दिलं. हा मूळचा ब्रेस्लाउचा. समाजवादी विचारांमुळे देश सोडून अमेरिकेत आलेला, शरीराने अपंग, गणितात विलक्षण. त्याआधी रोहित्र बांधणारे लोक अंदाजाने लोखंड निवडत. त्याच्या सूत्रानंतर हानी आधी मोजून मग यंत्र बांधता येऊ लागलं. आमच्या मते मानकांचा खरा इतिहास इथे सुरू होतो. जे मोजता येत नाही त्याला नियम लावता येत नाही.

मोजता आलं तसं लोखंड सुधारू लागलं. १९००च्या सुमारास इंग्लंडमध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने आणि त्याच्या डब्लिनमधल्या सहकाऱ्यांनी लोखंडात थोडं सिलिकॉन मिसळलं की हानी पुष्कळ कमी होते हे दाखवलं. शिवाय जुन्या लोखंडाला एक खोड होती, ते वापरात म्हातारं होई, दरवर्षी हानी वाढत जाई. सिलिकॉनच्या पोलादाने ती खोडही घालवली. मग १९३४ साली नॉर्मन गॉस या अमेरिकन धातुतज्ज्ञाला एक पेटंट मिळालं. त्याची युक्ती अशी, की पोलाद विशिष्ट रीतीने थंड स्थितीत लाटायचं आणि तापवायचं, म्हणजे आतले सगळे स्फटिक एकाच दिशेला तोंड करून बसतात. लाकडाला जसा रेषा असतो, तसा या पत्र्याला येतो. रेषेच्या दिशेने चुंबकत्व सहज फिरतं. आपल्याकडच्या कारखान्यांत याच पत्र्याला सीआरजीओ म्हणतात. आजही जगातली बहुतेक रोहित्रं याच्या सुधारलेल्या रूपावर चालतात.

आणि मग १९६० साली कॅलिफोर्नियात पोल डुवेझ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक उलटंच काम केलं. गॉसने स्फटिक ओळीत बसवले. डुवेझने स्फटिकच होऊ दिले नाहीत. वितळलेला मिश्रधातू इतक्या झपाट्याने गार केला, सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या वेगाने, की अणूंना ओळीत बसायला वेळच मिळाला नाही. काचेसारखा अस्ताव्यस्त धातू. त्याचे पहिले नमुने सोनं आणि सिलिकॉनचे होते, रोहित्राशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण १९७०च्या दशकात अलाइड केमिकल या कंपनीने लोखंडाधारित असा धातू बाजारात आणला, मेटग्लास या नावाने. वितळलेला धातू फिरत्या गार चाकावर ओतून त्याची सलग रुंद फीत काढायची, या पद्धतीचं १९७९ सालचं एक महत्त्वाचं पेटंट मंड्यम नरसिंहन या नावावर आहे. नाव आपल्याकडचं, पेटंट त्या कंपनीचं.

या फितीची जाडी पाव मिलिमीटरच्याही दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे सुमारे पंचवीस मायक्रॉन. हिच्यात लोखंडातली हानी नेहमीच्या पत्र्याच्या तुलनेत साठ-सत्तर टक्क्यांनी कमी. पण फुकट काहीच मिळत नाही. ती ठिसूळ असते, कापायला अवघड असते, आणि तेवढाच चुंबकीय प्रवाह वाहायला जास्त जागा घेते. म्हणजे रोहित्र मोठं होतं, जड होतं, आणि विकत घेताना महागही पडतं.

इथून पुढे गोष्ट लोखंडाची राहत नाही, हिशेबाची होते.

एक कल्पित हिशेब करू या. समजा, एका लहान रोहित्रात लोखंडाची हानी साठ वॅट आहे आणि काचधातूचं घेतलं तर वीस वॅट होते. फरक चाळीस वॅट. एका साध्या दिव्याएवढा! पण हा दिवा कधीच विझत नाही. वर्षाला ३५० युनिट. रोहित्र खांबावर तीस वर्षं सहज टिकतं. म्हणजे साडेदहा हजार युनिट, एका डब्यामागे. आता अमेरिकेत असे डबे किती? तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या अंदाजानुसार सहा ते आठ कोटी. गुणाकार तुम्हीच करा.

मग प्रश्न असा, की इतका उघड फायदा असताना मानक सरकारने का लादावं? शहाणा खरेदीदार आपण होऊन चांगलं रोहित्र घेईलच की. अर्थशास्त्रातला हा आवडता युक्तिवाद. आणि खरं सांगायचं तर काही काळ तसं घडलंही. १९७३च्या तेलसंकटानंतर अमेरिकन वीजकंपन्या रोहित्र घेताना केवळ किंमत बघत नव्हत्या, आयुष्यभरात वाया जाणाऱ्या विजेची किंमत त्यात मिळवून मग निविदा तोलत होत्या. १९८०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने वीजउद्योगाच्या संशोधनसंस्थेबरोबर काचधातूची रोहित्रं बनवून शेकड्यांनी प्रत्यक्ष खांबांवर चढवली, ती याच वातावरणात. ती नीट चालली.

पण १९९०च्या दशकात वीजव्यवसाय मोकळा करण्याची लाट आली. निर्मिती एकाची, वितरण दुसऱ्याचं, असे तुकडे पडू लागले. पुढे काय होणार ठाऊक नसलेली कंपनी तीस वर्षांचा हिशेब कशाला करील? कित्येकांनी हानीची किंमत लावणं सोडलं आणि स्वस्त डबे घेऊ लागल्या. वाया गेलेल्या विजेची किंमत दरात धरली जाते आणि ग्राहक ती भरतो. रोहित्र निवडणारा एक, त्याचं बिल भरणारा दुसरा. भाड्याच्या घरात मालक स्वस्तातला गीझर बसवतो आणि विजेचं बिल भाडेकरू भरतो, तशातलीच ही गत. आणि इथे भाडेकरूला गीझर कुठला आहे हेदेखील माहीत नसतं.

‘समर्थनीय’ या शब्दाची गरज इथे पडते. ज्याला निवडीचा अधिकार आहे त्याला झळ नाही आणि ज्याला झळ आहे त्याला अधिकार नाही, अशा ठिकाणी बाजाराने दिलेलं उत्तर बरोबरच असेल असं मानायला आधार उरत नाही. हे आम्ही बाजाराच्या विरोधात म्हणत नाही. बाजाराचं समर्थन ज्या गृहीतावर उभं आहे ते गृहीतच इथे नाही, एवढंच म्हणतो.

अमेरिकन संसदेने १९९२च्या कायद्यात ऊर्जाखात्याला सांगितलं, रोहित्रांना मानक लावणं योग्य ठरेल का ते तपासा. ओक रिज प्रयोगशाळेने १९९६ साली अभ्यास दिला, की होय, बचत मोठी आहे. त्याच वर्षी उत्पादकांच्या संघटनेने स्वतःचं ऐच्छिक मानकही काढलं. ऐच्छिक मानकाचं जे व्हायचं ते झालं, ज्यांना पाळायचं होतं त्यांनी पाळलं. सक्तीचं मानक यायला २००७चा ऑक्टोबर उजाडला, आणि अंमल २०१०पासून. पंधरा वर्षं होऊन गेली होती. पर्यावरण संघटना आणि काही राज्यं कोर्टात गेली, की हे फारच मवाळ आहे. तडजोड झाली, फेरविचार झाला, सगळ्या पक्षांना एका टेबलाशी बसवून वाटाघाटी झाल्या, आणि २०१३ साली सुधारित मानक आलं, अंमल २०१६पासून.

त्या सुधारणेने किती फरक पडला? पंचवीस केव्हीएच्या एका-फेजच्या तेलाच्या रोहित्राला आधी ९८.९१ टक्के कार्यक्षमता लागत असे, ती ९८.९५ झाली. आता कोणीही हसेल. शून्य पूर्णांक चार शतांशासाठी एवढे वकील! पण टक्केवारी कुठून मोजायची हा प्रश्न आहे. शंभरातून नव्हे, वाया जाणाऱ्या भागातून मोजा. तो १.०९ होता, १.०५ झाला. म्हणजे हानीत जवळपास चार टक्के घट. चांगल्या विद्यार्थ्याचे गुण नव्याण्णवावरून साडेनव्याण्णववर गेले तर आपण म्हणतो अर्धाच गुण वाढला, पण त्याच्या चुका निम्म्या झालेल्या असतात.

तरीही २०१३चं मानक असं बेतलेलं होतं, की जुन्या रेषेच्या पत्र्यातच ते जमावं. का? याचं उत्तर एका गावात आहे. पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं बटलर. तिथला पोलादकारखाना शंभर वर्षांच्या वरचा. आर्मको, मग एके स्टील, आणि २०२०पासून क्लीव्हलंड-क्लिफ्स, अशी मालकी बदलत गेली. अमेरिकेतला दुसरा उत्पादक २०१६ साली या धंद्यातून बाहेर पडला, आणि रेषेचा पत्रा बनवणारा तो एकमेव अमेरिकन कारखाना उरला. काम करणारे हजाराहून अधिक. बटलरसारख्या गावात कारखाना म्हणजे शाळा, दवाखाना, चर्च, किराणा, सगळंच. आपल्याकडे गिरणगावातल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरीकडे काचधातूची फीत अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर निघते ती एकाच ठिकाणी, साउथ कॅरोलायनातल्या कॉनवे गावात. हा तोच मेटग्लास कारखाना, २००३पासून जपानी हिताची मेटल्सच्या ताब्यात, आणि त्या कंपनीचं नाव आता प्रोटेरियल. शोध अमेरिकेत लागला, मालकी जपानकडे गेली, आणि धातूचा सर्वांत मोठा वापर चीनमध्ये वाढला.

आता २०२२चा डिसेंबर. ऊर्जाखात्याने नव्या मानकाचा प्रस्ताव काढला. तो इतका कडक होता, की जवळजवळ सगळी नवी रोहित्रं काचधातूची करावी लागली असती, आणि तीही २०२७पर्यंत. खात्याचं गणित चोख होतं. पण वेळ? कोविडनंतर अमेरिकेत रोहित्रांचा भयंकर तुटवडा होता. पूर्वी दोन-तीन महिन्यांत मिळणारा डबा मिळायला वर्ष, कधी दोन वर्षं लागत होती. वादळात खांब पडले तर बदलायला डबा नाही, नवी वसाहत बांधून तयार आणि वीज नाही, अशी स्थिती. त्याच वर्षी जूनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी रोहित्रांसाठी संरक्षण-उत्पादनाचा आणीबाणीचा कायदा लागू केला होता. म्हणजे एक हात सांगतो, कसेही करून डबे बनवा, आणि दुसरा हात सांगतो, डबे बनवायची पद्धतच बदला.

मग एक विलक्षण आघाडी झाली. वीजकंपन्या, ग्रामीण वीज सहकारी संस्था, घरबांधणीवाले, पोलादकंपनी आणि कामगार संघटना, सगळे एका बाजूला. दोन्ही पक्षांचे सिनेटर एका पत्रावर सह्या करतात, हे त्या देशात हल्ली किती दुर्मीळ आहे ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या बाजूला कार्यक्षमतेचे पुरस्कर्ते. त्यांचं म्हणणं, टंचाई दोन-चार वर्षांची आहे, डबा तीस-चाळीस वर्षांचा आहे. आजच्या अडचणीकडे बघून २०६० सालापर्यंतची हानी का पक्की करता?

आम्हाला यातला सर्वांत रोचक मुद्दा वाटतो तो काळाचा. असल्या हिशेबात उद्याच्या रुपयाला आजच्या रुपयाहून कमी मोल धरतात. ऊर्जाखातं दोन दरांनी हिशेब मांडतं, तीन टक्के आणि सात टक्के. सात टक्क्यांनी धरलं तर तीस वर्षांनी मिळणारे शंभर रुपये आज तेरा रुपयांच्या घरात येतात. तीन टक्क्यांनी धरलं तर एकेचाळीसच्या. एकच डबा, एकच वीज, पण नातवाच्या वाट्याची बचत एका आकड्याने तिप्पट मोलाची होते. हा आकडा कुठल्या प्रयोगशाळेत सापडत नाही. केंब्रिजचा फ्रँक रॅम्से, वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेलेला तत्त्वज्ञ-गणिती, १९२८ सालच्या एका निबंधात म्हणून गेला, की पुढच्यांच्या सुखाला केवळ ते पुढचं आहे म्हणून कमी लेखणं नीतीच्या दृष्टीने समर्थनीय नाही, तो आपल्या कल्पनाशक्तीचा दुबळेपणा आहे. आम्ही रॅम्सेच्या बाजूचे. पण बटलरच्या भट्टीवरच्या माणसाला जाऊन हे सांगा बघू. त्याचा पोरगा आज शाळेत आहे. २०६०ची बचत ज्यांना मिळायची आहे ते कोण, हे कोणालाच माहीत नाही. त्याची नोकरी जाणार असेल तर ती कोणाची, हे मात्र सगळ्या गावाला माहीत आहे. अनाम पुष्कळांचा थोडाथोडा फायदा आणि नाव-गाव असलेल्या थोड्यांचं पुरतं नुकसान यांना एकाच तराजूत घालायचं का? उपयुक्ततावादी म्हणेल, घाला. आम्हाला ते इतकं सोपं वाटत नाही. आणि घालायचंच नाही असंही म्हणता येत नाही, कारण मग कुठलीच जुनी भट्टी कधीच बदलणार नाही.

शिवाय एक शुद्ध तांत्रिक आक्षेपही होता, आणि तो चांगला होता. तेलाच्या रोहित्राची कार्यक्षमता मानकात निम्म्या भाराला मोजतात. प्रत्यक्षात बहुतेक डब्यांवर सरासरी भार त्याहून कमी असतो, आणि कमी भाराला लोखंडाची हानी महत्त्वाची, म्हणून काचधातू उत्तम. पण उद्या घरोघरी विजेच्या गाड्या रात्री चार्जिंगला लागल्या, विजेवरची उष्णतायंत्रं आली, तर रात्री तीनची ती निवांत वेळच राहणार नाही. भार वाढला की तारेतली हानी मोठी होईल, आणि लोखंडात वाचवलेलं तेवढंसं महत्त्वाचं राहणार नाही. तीस वर्षांपुढचा हिशेब करणाऱ्याला तीस वर्षांपुढची माणसं कशी राहतील याचाही अंदाज बांधावा लागतो.

अंतिम नियम ४ एप्रिल २०२४ रोजी जाहीर झाला. खात्याने पुष्कळ माघार घेतली. बाजारातल्या सुमारे पंचाहत्तर टक्के रोहित्रांना रेषेच्या पत्र्यातच मानक गाठता येईल असं ठरवलं, उरलेल्या भागात काचधातूला वाव ठेवला, आणि अंमलबजावणीला तीन नव्हे, पाच वर्षं दिली, म्हणजे २०२९. तरीही तीस वर्षांत साडेआठ कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड टळेल असा खात्याचा अंदाज. बटलरमध्ये सुटकेचा श्वास. पुरस्कर्ते नाराज, पण फार नाहीत. कारण १९७५च्या त्या कायद्यात एक कलम आहे, एकदा लावलेलं मानक पुढे सैल करता येत नाही. पायरी लहान असली तरी जिना खाली उतरत नाही, निदान कायद्याच्या पुस्तकात.

कोणी म्हणेल, ही राजकीय तडजोड झाली, तत्त्व कुठे राहिलं? आम्हाला ही तडजोड वाईट वाटत नाही. पाच वर्षं देणं म्हणजे नुकसान नाहीसं करणं नव्हे, ते माणसांना पेलेल इतक्या वेगाने होऊ देणं. युइंगच्या लोखंडासारखी समाजालाही मागे रेंगाळायची सवय असते. झटक्याने दिशा बदलली की उष्णता जास्त होते.

आता आपल्याकडे. भारतात रोहित्रांना ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीची तारांकनपद्धत आहे, आणि आयएस ११८० हे भारतीय मानक २०१४ साली नव्या रूपात आलं. त्याची पद्धत अमेरिकेपेक्षा वेगळी. टक्केवारी न सांगता ते सरळ वॅटमध्ये मर्यादा घालतं, निम्म्या भाराला इतकी, पूर्ण भाराला इतकी. आम्हाला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते, कारण वाया किती जातं ते तिच्यात उघड दिसतं. रेषेचा पत्रा आपण मोठ्या प्रमाणावर आयात करतो. देशात तो बनवणारा कारखाना आपल्या नाशिक जिल्ह्यात आहे, मूळचा रेमंडचा, मग जर्मन थिसेनक्रुपचा, आणि अलीकडे जेएसडब्ल्यू आणि जपानी जेएफई यांच्या भागीदारीने घेतलेला.

पण आपला प्रश्न अमेरिकेच्या प्रश्नाला नेमका पाठमोरा आहे. तिथे डब्यावर भार कमी. इथे रब्बीच्या दिवसांत एका डीपीवर कागदावर आहेत त्याहून जास्त मोटारी, आणि वीज यायची ती ठरावीक तास, त्यामुळे सगळ्या एकदम चालू. तार तापते, तेल तापतं, डीपी जळते. मग गावातली चार माणसं वर्गणी काढतात, ट्रॅक्टर करतात, जळालेली डीपी तालुक्याला नेतात, आणि गहू डोळ्यांदेखत वाळत असतो. दुरुस्त होऊन येते ती नवी तार गुंडाळून. अशा गुंडाळून आलेल्या डब्याची हानी किती, ते पुन्हा कोण मोजतो? अमेरिकेतलंही मानक फक्त नव्या रोहित्रांना आहे, दुरुस्त केलेल्यांना नाही. पण तिथे दुरुस्तीचं प्रमाण आपल्याइतकं नाही. आपल्याकडे कित्येक डीपींचं अर्धं आयुष्य दुरुस्तीनंतरचं असतं. भंगारातल्या रोहित्रातला जुना पत्रा कापून नव्यात भरण्याचे प्रकारही या धंद्यात सर्वश्रुत आहेत. डब्यावर तारे पाच असले, तरी आतलं लोखंड कुठून आलं ते तारे सांगत नाहीत.

म्हणून ज्यांना या विषयात काम करायचं आहे, आणि श्रोत्यांत अभियांत्रिकीची मुलं आहेत असं संयोजक म्हणाले, त्यांना आमची एक सूचना आहे. मानकाचा आकडा कितीने वाढवावा यावर निबंध पुष्कळ निघतात. एखाद्या तालुक्यातल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये महिनाभर बसा आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या प्रत्येक डीपीची लोखंडातली हानी मोजा. यंत्र फार महाग नाही, आणि सूत्र स्टाइनमेट्झने १८९२ सालीच देऊन ठेवलंय.

वेळ होत आली. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून आहेत, आधी त्यांचा.